दातारबाईंची मोटारवाली घराणी

दातारबाईंच्या घरी दोन जाडजूड पुस्तकं कधी एका खोलीत राहिली नाहीत. एक दिवाणखान्यातल्या कपाटात आणि दुसरं स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. मला वाटलं, पाककृतींचं असेल. उघडलं तर एका इंग्रज मोटार कंपनीचा इतिहास. मी ते बाहेरच्या कपाटात ठेवायला निघालो, तर बाईंनी हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, "नको. त्या दोन घराण्यांचं पटत नाही."

बाई नाशिकला, गंगापूर रोडवर आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. मोटार चालवता येत नव्हती आणि घ्यायचीही नव्हती. क्लच म्हणजे काय हे मी त्यांना कितीदा तरी समजावलं. त्या मन लावून ऐकायच्या आणि विसरायच्या. पण मोटार कंपन्यांच्या जुन्या इतिहासांचं त्यांना वेड होतं. कंपनीनं आपल्या पन्नाशीला हौसेनं छापलेले, मोजक्या प्रतींचे, आता त्या कंपनीकडेही न सापडणारे ग्रंथ.

तेव्हा इंटरनेट घरोघरी नव्हतं. बाई परदेशातल्या दुकानदारांना पत्रं पाठवायच्या. मुंबईला फोर्टात जुनी पुस्तकं विकणारे इब्राहिमभाई त्यांच्यासाठी शोधात असायचे. पंचवटीतला एक रद्दीवाला तर चामडी बांधणीचं काहीही दिसलं की बाजूला ठेवायचा. एकदा त्यानं घोड्यांच्या रोगांवरचा ग्रंथ दिला. बाईंनी तोही घेतला. म्हणाल्या, "मोटारीच्या आधीचं घराणं आहे."

इंजिनाची पानं त्या सरळ उलटायच्या. त्यांना हवी असायची माणसं. कुठल्या कंपनीत बापानं मुलाचं ऐकलं नाही, कुठे जावयानं कारखाना सावरला, हे त्या असं सांगायच्या की ही सगळी मंडळी कॉलेज रोडला राहतात असं वाटावं. "घराणं चांगलं, पण आईला कुणी विचारलं नाही," हा त्यांचा ठरलेला निकाल. आमच्या शेजारचे कुलकर्णी गाडी घ्यायच्या विचारात होते. कोणती घ्यावी, असं त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी एका कंपनीच्या सासऱ्याची करणी इतकी रंगवून सांगितली, की कुलकर्णींच्या पत्नीनं त्या घरची गाडी दारात उभी करायला साफ नकार दिला. ते पुढे कित्येक वर्षं स्कूटरवरच फिरले.

मी आणि माझा धाकटा भाऊ विलास, आमचा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना होता. गाड्यांना लागणारे रबरी भाग बनवायचो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मंदी आली आणि आमचं बिनसलं. विलासला नवं मशीन हवं होतं, मला आहे ते सांभाळायचं होतं. शब्दानं शब्द वाढला. मग शब्दच बंद झाले. एकाच टेबलाशी बसून आम्ही फिटरमार्फत बोलायचो. शेवटी वाटणी करायचं ठरलं.

त्याच दिवसांत बाईंनी मला बोलावलं. इब्राहिमभाईंनी रेल्वेनं खोका पाठवलाय, नाशिकरोडला जाऊन सोडवून आण, म्हणाल्या. पार्सल ऑफिसात पोचलो तर विलास उभा. त्यालाही बाईंनीच पाठवलं होतं. दोघांनाही राग आला, पण खोका एकट्याला हलेना. शेवटी दोन्ही टोकं धरावी लागली. रिक्षात तो मधे ठेवून आम्ही दोन बाजूंना बघत आलो. जिन्यात मात्र बोलल्याशिवाय इलाज नव्हता. "सावकाश," "थांब," "आता उचल," असं करत वर पोचलो. कित्येक आठवड्यांत आम्ही एकमेकांशी एवढं बोललो नव्हतो.

बाईंनी चहा आणि चिवडा पुढे ठेवला. आता उपदेश होणार म्हणून मी मनाची तयारी केली. त्यांनी खोक्यातलं एक पुस्तक काढून दोन जर्मन भावांची हकीकत सांगितली. थोरला गाडी बनवायचा, धाकटा ती विकायचा. पुढे दोघं वेगळे झाले. एवढं सांगून बाईंनी पुस्तक मिटलं.

"मग?" विलासनं विचारलं.

"पुढचं प्रकरण मला वाचवत नाही," बाई म्हणाल्या, आणि कपबशा उचलून आत गेल्या.

आम्ही खाली आलो. फाटकाशी विलास घुटमळला. मशीन पुन्हा बंद पडलंय, म्हणाला, येतोस का बघायला? मी गेलो. वाटणीचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. पुढच्या वर्षी नवं मशीन आलं, आणि विलासचं बरोबर होतं हे मला मान्य करावं लागलं. आज दोन्ही घरची मुलं त्याच कारखान्यात आहेत.

बऱ्याच वर्षांनी इब्राहिमभाई एका लग्नासाठी नाशिकला आले, तेव्हा बाईंकडे भेटले. गप्पांत कळलं की ते माल नेहमी थेट घरपोच पाठवतात. रेल्वेचा हट्ट त्या एकाच वेळी बाईंचा होता. खोका एकच करा आणि एका माणसाला उचलणार नाही इतका भरा, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं.

ते गेल्यावर मी बाईंचे आभार मानले. आम्हाला केवढं वाचवलंत, म्हणालो. त्या म्हणाल्या,

"मला एक भाऊ होता, मोहन. आम्ही बोलायचं बंद केलं, तेव्हा दोघांनाही वाटलं, दुसरा येईल. तो गेला तेव्हा मला बाहेरच्यांकडून कळलं."

मी हे विलासला सांगितलं. त्या दिवाळीत भाऊबीजेला, नवा सदरा घालून तो माझ्या दारात आला आणि म्हणाला, "चल, वर जाऊ."

बाईंनी आम्हाला पाटावर बसवलं आणि निरांजन शोधायला आत गेल्या. सगळी कपाटं उघडून झाली. शेवटी विलास स्टुलावर चढला, तेव्हा ते माळ्यावर सापडलं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. बाई ते घासायला बसल्या. आम्ही वाट पाहत बसून राहिलो. कुणालाच घाई नव्हती.