हॅन्सनबाईंचा गुरुवार

हॅन्सनबाई बेल वाजवतात आणि दार उघडायच्या आत पायऱ्या उतरून खाली जाऊन उभ्या राहतात. पहिल्यांदा मी दार उघडलं तेव्हा मला वाटलं, गल्लीतली पोरं बेल दाबून पळाली. आत वळणार तेवढ्यात खालून इथल्या माओरी नमस्काराचा आवाज आला, "किया ओरा, डिअर! मी इथे आहे." पाहते तर सत्तरीच्या एक गोऱ्या बाई. पांढरे केस, घोट्यापर्यंत स्कर्ट, छातीवर काळा बिल्ला आणि पायात डोंगर चढायला घालतात तसले बूट. शेजारी तशाच बिल्ल्याच्या, साठीच्या, भरभक्कम टोंगन बाई, सिस्टर तौफा, हसत उभ्या होत्या.

"इतक्या लांब का उभ्या आहात?" मी विचारलं.

"माणसाला नाही म्हणायला जागा लागते," हॅन्सनबाई म्हणाल्या. "दाराला चिकटून उभं राहिलं की लोक घाबरून हो म्हणतात. आणि मग रविवारी येतच नाहीत."

मॉर्मन प्रचारक ऑकलंडमध्ये कुणाला नवे नाहीत. पांढरा शर्ट, टाय, सायकल, विशीतली, गुळगुळीत दाढी केलेली मुलं. ती गल्लीत शिरली की आमच्या बॉटनी डाउन्समधली भलीभली आयटीवाली मंडळी पडदे ओढून सोफ्यामागे बसतात. मीही बसले आहे. पण त्यांच्यात अशा विधवा आजीही असतात, स्वखर्चाने दीड वर्षासाठी परदेशी येतात, हे मला हॅन्सनबाईंमुळे कळलं. या वयाच्या बायकांना सहसा ऑफिसात टेबलावर बसवतात. ह्यांनी भांडून घरोघरची दारं मागून घेतली होती. "कागदांना चर्चला कोण बोलवणार?" असं त्यांनी मिशनच्या साहेबांना विचारलं म्हणे. साहेबांनी एका अटीवर परवानगी दिली होती. उजवा गुडघा कुरकुरायला लागला की मुकाट टेबलावर यायचं. मुदत संपेपर्यंत दारांवरच राहायचं, हा बाईंचा पण होता. गुडघा पहिल्या दिवसापासून कुरकुरत होता. ते फक्त साहेबांना माहीत नव्हतं.

आता त्या दर गुरुवारी आमच्याकडे का यायला लागल्या, ते सांगते. त्यात चूक सर्वस्वी आमची.

त्यांचा प्रश्न एकच असे, "या रविवारी आमच्या चर्चमध्ये याल का?" बाबा गेल्यापासून माझी आई आमच्याकडे असते. आई म्हणाली, "बघू." मी प्रामाणिकपणे भाषांतर केलं, "वी'ल सी." एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण दारातून माणूस जाताना आपण काय म्हणतो? आई म्हणाली, "या हं परत." तेही मी सांगून टाकलं.

पुढच्या गुरुवारी बाई परत हजर. आई पुन्हा "बघू" म्हणाली आणि पुन्हा "या हं परत." महिन्याभरात हा आमच्या घरचा नेमच होऊन बसला. माझी मुलगी रिया एकदा वैतागून म्हणाली, "मम्मा, जस्ट टेल हर नो! शी वॉक्स हीप्स! किती चालावं लागतं तिला!" तिला काय कळणार? दारात आलेल्या म्हाताऱ्या बाईला तोंडावर नाही कसं म्हणायचं?

आईची खरी अडचण धर्माची नव्हतीच, चहाची होती. हॅन्सनबाई चहा घेत नाहीत. कॉफी घेत नाहीत. त्यांच्या धर्मात दोन्ही वर्ज्य. "अगं, मग ह्यांच्यापुढे ठेवायचं काय?" आई स्वयंपाकघरात माझ्यावरच डाफरली. आलेल्या माणसाने चहाविना जायचं म्हणजे तिला घरात काहीतरी अशुभ घडल्यासारखं वाटतं. शेवटी तिला सुचलं. गुरुवारी तिचा उपास असतो, साबुदाण्याची खिचडी तयारच असते. तिने दोन बशा भरून आणल्या.

"उपास म्हणजे?" हॅन्सनबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बशीकडे पाहिलं. तूप, दाण्याचं कूट, बटाटा, वर ओलं खोबरं. "आम्ही महिन्यातून एका रविवारी उपास करतो. त्यात पाणीसुद्धा पीत नाही," त्या म्हणाल्या आणि सिस्टर तौफांकडे वळल्या. "सिस्टर, आपण फार चुकीच्या देशात जन्मलो."

दुसरा घास घेताना मात्र त्या गंभीर झाल्या. "हा बटाटा कुठला?"

बाई अमेरिकेतल्या आयडाहोच्या, बटाट्याच्या शेतावर आयुष्य काढलेल्या. जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींबद्दल त्यांचं मन उदार आहे, बटाट्याबद्दल नाही. त्या तडक आमच्या गॅरेजमध्ये गेल्या, पिशवीतून एकेक बटाटा काढून दाबून पाहिला आणि निम्मे बाजूला टाकले. सिस्टर तौफा बशी हातात घेऊन मागोमाग गेल्या, कारण दोघींनी एकमेकींच्या नजरेआड व्हायचं नाही असा त्यांचा नियम. एकीला बाथरूमला जायचं असलं की दुसरी पॅसेजमध्ये उभी. आई मला हळूच म्हणाली, "तुझे बाबा आणि मी नव्या लग्नातसुद्धा इतके चिकटून नव्हतो गं."

दिवस त्यांचा कडक. साडेसहाला उठणं, प्रार्थना, वाचन, मग रस्ते. सोमवारी कपडे धुणं, बाजारहाट, आणि मुलांना व्हिडिओ कॉल. गाडी होती, पण ती कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी, म्हणजे इथल्या किराणा दुकानापाशी, लावून बाई चालत. "गाडीतून दारं दिसतात, माणसं दिसत नाहीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मनुरेवात कुत्रं मागे लागलं, माउंट वेलिंग्टनला एका गृहस्थाने नुसत्या टॉग्जवर, म्हणजे पोहायच्या चड्डीवर, दार उघडलं आणि तसंच उभं राहून देव कसा नाही हे समजावलं. हे सगळं त्या अतिशय आनंदाने सांगत. त्यांचं धर्माचं पुस्तक फारसं कुणी घेत नसे, पण फिजोआ या पेरूसारख्या हिरव्या फळाच्या दिवसांत प्रत्येक घर आपल्या परसातल्या फिजोआंची पिशवी हातात कोंबून त्यांना वाटेला लावी. त्या पिशव्या आमच्या ओट्यावर येत. आईने मुरांबा केला.

मग एका गुरुवारी बेल वाजली आणि मी दार उघडलं तर बाई दारातच, चौकट धरून उभ्या. पायऱ्या उतरणं जमलं नव्हतं.

आम्ही त्यांना सोफ्यावर बसवलं. गुडघा टम्म सुजला होता. आईने फ्रीजरमधली मटारची पिशवी काढून त्यावर ठेवली. सिस्टर तौफांचे डोळे भरले होते. त्याच म्हणाल्या, "साहेबांना कळलं. उद्यापासून ऑफिस. आज शेवटचा दिवस."

"मग आज तरी घरी बसायचं!" आई करवादली. "विचार गं हिला, एवढा हट्ट कशापायी?"

मी विचारलं. हॅन्सनबाईंनी मटारची पिशवी सारखी केली.

"माझा डॅरल चर्चचा नव्हता," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून दर शनिवारी रात्री मी विचारायची, 'उद्या येतोस?' तो म्हणायचा, 'नाही, रूथ.' आणि रविवारी बर्फ असो, काही असो, मला ट्रकमधून सोडायला यायचा. मी बाहेर येईपर्यंत गाडीत रेडिओ ऐकत बसायचा. आमचं काही बिघडलं नाही त्यानं. मग तो आजारी पडला. मी विचारणं सोडलं. म्हटलं, माणूस बिछान्यावर आहे, त्याला कशाला छळा? तर एका शनिवारी आपणहून म्हणाला, 'तू हल्ली विचारत नाहीस.' मी म्हटलं, 'आता झोप. बरं वाटलं की विचारीन.'"

पिशवी गुडघ्यावरून घसरली, ती त्यांनी परत नीट ठेवली.

"बरं वाटलंच नाही त्याला. हो म्हणणार होता की नाही, मला काय माहीत? नाहीच म्हणाला असता बहुतेक. पण त्याला विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नाही. म्हणून मी दारं मागून घेतली. दारामागे कोण वाट बघत असेल, सांगता येतं का?"

मी आईला सांगत होते, पण शेवटची वाक्यं अर्धवटच सांगितली. आईला बहुधा गरज नव्हती. बाबांचे शेवटचे महिने तिनेही काढलेत.

हॅन्सनबाईंनी डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि आईकडे वळून नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "या रविवारी आमच्या चर्चमध्ये याल का?"

मी "वी'ल सी" म्हणायला तोंड उघडलंच होतं. आईने हाताने मला थांबवलं. ती बाईंच्या शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेतला.

"नो," आई म्हणाली. "नो, रूथ. मी नाही येणार. माझे दत्तमहाराज आहेत मला."

आपण परक्या माणसाला बघू म्हणतो. नाही म्हणायला माणूस घरचं लागतं. पण हे मी बाईंना समजावत बसले नाही, कारण त्यांना समजलं होतं. त्या हसायला लागल्या. खांदे गदगदा हलत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "तुमचं 'वी'ल सी' म्हणजे काय ते मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं," त्या म्हणाल्या. "लोक दार लावतात, पडदे ओढतात. डोळ्यांत बघून, नाव घेऊन नाही म्हणणारं डॅरलनंतर कुणी भेटलं नव्हतं."

थोड्या वेळाने त्या उठल्या. मी गाडीची किल्ली घेतली. "नको, डिअर," त्या म्हणाल्या, "शेजारचं घर राहिलंय."

शेजारी गॅरी राहतो. बायको गेल्यापासून तो लॉन कापतो आणि कुणाशी बोलत नाही. इतक्या वर्षांत आमचं त्याच्याशी हात हलवण्यापलीकडे गेलेलं नाही. मी अडवणार होते, पण तोवर आईने पायात रबरी जँडल्स सरकवल्या होत्या. तिने बाईंना एका बाजूने धरलं, सिस्टर तौफांनी दुसऱ्या बाजूने, आणि तिघी आमच्या ड्राइव्ह-वेवरून हळूहळू निघाल्या.

मी खिडकीतून पाहत होते. बेल आईनेच दाबली. गॅरीने दार उघडलं आणि साडी-स्वेटरातली माझी आई आणि बिल्लेवाल्या दोन बाया पाहून नुसता उभा राहिला. आईने आपलं सगळं इंग्रजी गोळा केलं.

"शी विल आस्क," ती गॅरीला म्हणाली. "यू टेल. नो इज ओके."

बाईंनी विचारलं. गॅरी काय म्हणाला ते मला इथवर ऐकू आलं नाही. पण तो आत गेला, एक खुर्ची घेऊन बाहेर आला आणि ती त्याने हॅन्सनबाईंसाठी पोर्चवर मांडली.