चार नंबरचा अनोळखी पेशंट

माझ्या हातून मास्क लावून घ्यायला नाही म्हणेल असा पेशंट अजून जन्माला यायचाय, असं मी हॉस्पिटलात छातीठोकपणे सांगत असे. छाती हाच माझा धंदा! मी रूपेश, राहणार भिसेगाव, नोकरी रेस्पिरेटरी थेरपिस्टची. हे नाव आईला उच्चारता येत नाही. ती लोकांना सांगते, "आमचा रूपेश हवा भरायचं काम करतो." ऐकणाऱ्याला वाटतं, पंक्चरचं दुकान आहे!

ज्यांना नीट श्वास घेता येत नाही, त्यांना यंत्राच्या मदतीने तो घ्यायला लावायचा, हे माझं काम. रात्रपाळीला सगळ्या हॉस्पिटलात या कामाला मी एकटा. त्या दिवशी जोडीदार सुट्टीवर होता, म्हणून दिवसपाळीही मीच केलेली. डोळे दिवाळीतल्या पणत्यांसारखे मिचमिचत होते.

रात्री एकला आयसीयूत तीन नंबरच्या खाटेवर कडावचे आबाजी आले. सत्तरी ओलांडलेली, पन्नास वर्षांची विडी, आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली. बायको भागूबाई दाराबाहेर बाकावर बसलेली. डॉक्टर नीलेश मला बाजूला घेऊन म्हणाले, "रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतोय. तासाभरात मास्क लागला नाही, तर घशात नळी टाकावी लागेल. आणि या वयात टाकलेली नळी निघेलच याची खात्री नाही."

"सर, दहा मिनिटं द्या!" मी म्हणालो. ते खाली अपघाताची केस बघायला गेले.

मी मास्क पुढे केला. आबाजींनी तो असा भिरकावला की भिंतीवरच्या घड्याळाला जाऊन लागला.

"बैलाला मुसकं बांदतात तसलं मला नको!"

"आबा, काही होत नाही. उलट झोप लागते मस्त."

"मग तूच लाव की रं!"

आता आली का पंचाईत! पण मी मागे हटणारा नव्हे. शेजारची चार नंबरची खाट रिकामी होती, उशाला जादाचं यंत्र होतं. मी नवा मास्क काढला, खाटेवर आडवा झालो, मास्क चढवला, बोटाला ऑक्सिजन बघायचा चिमटासुद्धा लावला. "हे बघा आबा. आत श्वास... बाहेर श्वास..." एसी गार होता, म्हणून चादर गळ्यापर्यंत ओढली. यंत्र हळूच हवा ढकलायला लागलं. एवढं प्रेमाने मला लहानपणापासून कोणी थोपटलं नव्हतं.

इथून पुढचं मला इतरांनी सांगितलं. कारण मी झोपलो होतो!

आयसीयूच्या सिस्टर नवा पेशंट आणायला खाली गेल्या आणि त्यांच्या जागी जनरल वॉर्डातून प्राची सिस्टर आल्या. नोकरीचा त्यांचा तिसराच दिवस. मला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना दिसले दोन पेशंट. एक बसून धापा टाकणारा, एक मास्क लावून निपचित पडलेला. आणि फाईल एकच!

"आजोबा, हे कधी आले?" त्यांनी विचारलं.

"मगाशी," आबाजी धापा टाकत म्हणाले. "दाखवायला आला व्हता. आला नि आडवाच झाला."

आबाजींचं काय चुकलं? मी मास्क दाखवायलाच आलो होतो! पण प्राची सिस्टरना वाटलं, डॉक्टरांना दाखवायला आलेला माणूस दारात कोसळला. त्या आणखी काही विचारणार, तेवढ्यात आबाजी म्हणाले, "पण बग, कसा गप निजलाय. ते मुसकं मलापण लाव गं."

सिस्टरनी लगेच मास्क लावला. आबाजींचा जीव वाचायला सुरुवात झाली आणि माझी वाट लागायला! कारण आता खरं काय ते सांगू शकणारा एकमेव साक्षीदार मास्कच्या आत होता.

आबाजींनी मास्क ओढू नये म्हणून सिस्टरनी भागूबाईंना आत बोलावून त्यांचा हात धरायला सांगितलं. भागूबाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ह्याचं कोनी नाय का गं?"

"कोणीच नाही आजी. एकटेच आलेत."

"आरं देवा! तरणाताठा दिसतोय." असं म्हणत त्यांनी एका हाताने नवऱ्याचा हात धरला आणि दुसऱ्याने माझे तळपाय चोळायला घेतले. मी आणखी गाढ झोपलो.

सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावून चार नंबरच्या पेशंटबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं, "रूपेशला बोलाव, तो बघेल." सिस्टरनी माझा नंबर फिरवला. चार नंबरच्या चादरीखाली फोन वाजू लागला!

"अगंबाई! थेरपिस्टचा फोन ह्यांच्याकडे कसा?"

"पडला असंल, ह्यानं उचलला असंल," भागूबाई म्हणाल्या. "गरिबीत होतं असं. तू नको बोलू त्याला आत्ता."

आबाजी मास्कमधून "उं! उं!" करत माझ्याकडे बोट दाखवू लागले. "घाबरू नका, त्यांनापण बरं वाटेल," सिस्टरनी त्यांची समजूत घातली आणि पुन्हा डॉक्टरांना फोन केला, "सर, थेरपिस्ट सापडत नाहीयेत, आणि पेशंट हाकेला ओ देत नाहीये!"

डॉक्टर धावतच वर आले. मास्कखालचा चेहरा बघायला वेळ कुणाला होता! त्यांनी मनगट पकडलं आणि धमनीतून रक्त घ्यायला सुई खुपसली.

"आई गंऽऽऽ!"

मी असा उठून बसलो, की ट्रे खाली, चिमटा निघाला म्हणून यंत्र केकाटतंय, आणि भागूबाई हात जोडून म्हणतायत, "आला गं, सुद्दीवर आला!"

"रूपेश?" डॉक्टरांच्या हातातली सुई तशीच राहिली.

मी आधी शेजारी पाहिलं. आबाजींचा श्वास संथ झाला होता. तासाभराने रक्त तपासलं तर कार्बन डायऑक्साइड उतरला होता. नळी टळली. हे मी डॉक्टरांना तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा ऐकून घेतलं आणि चौथ्यांदा माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. प्राची सिस्टरनी माझ्या नावाने फाईलही उघडली होती: 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचेचाळीस.' मी एकतीसचा आहे हो! सुईपेक्षा ते जास्त टोचलं.

पाचव्या दिवशी आबाजी घरी निघाले. घरी रात्री मास्क कसा लावायचा, पट्टे किती घट्ट ठेवायचे, हे मी भागूबाईंना अर्धा तास बसून समजावलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि प्राची सिस्टरकडे वळून हळूच विचारलं,

"बाई, ह्यो सोताच आजारी मानूस. ह्याचं ऐकायचं का गं आमी?"