किमान रेषा

चालणं हा गाडीचा स्वभाव असतो. थांबणं हा तिच्यावरचा संस्कार. हा संस्कार ब्रेक ऑइल या नावाने ओळखला जातो आणि बॉनेटखाली एका पांढुरक्या डबीत राहतो. डबीवर दोन रेषा असतात, कमाल आणि किमान. ऑइल या दोन्हींच्या मधे असलं की जगाची काळजी करायचं कारण उरत नाही.

टेकडीवरच्या कार्यालयाची जीप चालवणारे ड्रायव्हरमामा दर सोमवारी ही डबी बघत. एका सोमवारी ऑइल किमान रेषेच्या बोटभर खाली दिसलं. मामांनी अर्ज केला. हेडक्लार्क भाऊसाहेब हे अत्यंत कार्यक्षम गृहस्थ (त्यांच्या टेबलावर कुठलाही कागद दुपारच्या चहापर्यंत टिकत नसे, तो शेजारच्या टेबलावर जाई). त्यांनी नियमावली चाळली आणि प्रकरण त्याच दिवशी निकाली काढलं.

"मामा, ऑइल वर आणायला वरची मंजुरी लागते," ते म्हणाले. "रेषा खाली आणणं माझ्या अधिकारात आहे."

आणि बाही सावरून त्यांनी स्वतःच्या हाताने, मार्करने, रेषा दोन बोटं खाली ओढली. प्लास्टिकवर शिक्क्याची शाई धरेना, एवढंच काय ते उणं राहिलं.

पुढच्या तीन महिन्यांत ऑइल खाली जातच राहिलं (गळतीचा अर्ज वेगळ्या नमुन्यात करायचा असतो), पण भाऊसाहेब रेषाही दर सोमवारी खाली घेत, त्यामुळे तिच्या खाली ते एकदाही गेलं नाही. इतका नेटका कारभार क्वचितच बघायला मिळतो. याच काळात जीप आणीबाणीत एकोणीस वेळा थांबली : बारा वेळा गिअरवर, सहा वेळा हँडब्रेकवर आणि एकदा मेंदीच्या कुंपणावर. कुंपणाकडून खुलासा मागवण्यात आला.

मामा मात्र झुरत चालले होते. बावीस वर्षांत त्यांनी कोंबडीलाही धक्का लावला नव्हता. घरात पाऊल टाकलं की मामी पाण्याचा पेला पुढे करत विचारायच्या, "आज कशावर थांबलात?"

अखेर रेषा डबीच्या बुडाला टेकली. त्या वर्षीचा सुरक्षित वाहनाचा पुरस्कार जीपलाच मिळाला, हे ओघानेच आलं. समारंभ टेकडीच्या पायथ्याशी होता. साहेब प्रमाणपत्र घेऊन व्यासपीठावर उभे होते. मामांनी "चालतच जाऊ या का?" असं सुचवून पाहिलं, पण जीपचा मान राखायचा म्हणून भाऊसाहेब तिच्यातच बसले.

"मामा, ब्रेक दाबा," पहिल्याच वळणावर ते म्हणाले.

"दाबलाय."

"मग जोरात दाबा."

"पार तळाला टेकलाय, भाऊसाहेब. तुमच्या रेषेसारखा."

हँडब्रेकने सातव्या खेपेला मान टाकली. जीप खुर्च्यांची रिकामी रांग आणि फुलदाणीचं टेबल घेऊन व्यासपीठावर चढली आणि साहेबांच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबली. लोकांना ते प्रात्यक्षिक वाटलं. टाळ्या बराच वेळ चालू होत्या.

व्यासपीठ चुकीच्या जागी होतं, असं चौकशीत निष्पन्न झालं. मामांनी मग कुणालाही न विचारता गळती काढून डबी भरली. परवानगीशिवाय जीप थांबती केल्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली. मामींनी ती फ्रेम करून भिंतीवर लावली आणि रोजचा प्रश्न विचारायचं सोडून दिलं.

तुम्ही हसलात, बरं केलंत. आता खाली जा, आपल्या गाडीचं बॉनेट उघडा आणि पातळी बघून घ्या. सापडली डबी? भरलेली आहे? छान.

ती नव्हे. तिच्यात काच धुवायचं पाणी असतं.