टेकडीवरील टॉवर आणि पिंजऱ्याचें कुलूप

हुजूर, दोष तुमचा. वादळाचे माथीं मारूं नका. कुलूप तुम्हीं घातलें. तें कैसें, तो मजकूर लिहितों, कान इकडे करावा.

आपत्तिकाळीं संदेश थांबूं नयेत, सबब टेकडीवरील फोनच्या टॉवरास हायड्रोजनवर चालणारें फ्युएल सेलचें यंत्र बसविलें. विजेनें दगा दिला कीं यंत्रानें आपण होऊन सिलिंडरांतला वायू घ्यावा आणि वीज करावी, धूर नाहीं, गलबला नाहीं, मागें निव्वळ पाणी टाकावें, ऐसें गुणी यंत्र. उद्घाटनास खासे साहेब, म्हणजे हुजूर आपणच, आले, फीत कापिली, आणि वायूचें नांव ऐकोन चार पावलें मागें सरले, आणि मग फर्मान सुटलें कीं, सिलिंडरांची तोटी बंद करावी, भोंवतालच्या लोखंडी पिंजऱ्यास कुलूप घालावें, आणि मुख्य कचेरीची परवानगी फोनवर मिळाल्याखेरीज तें उघडूं नये.

पुढें भर दुपारीं वादळ चालोन आलें. विजेनें पहिल्याच हल्ल्यांत रण सोडिलें, टॉवर मुका जाहला, आणि धरणाचे दरवाजे उघडणार ही खबर खालच्या वस्तीस पोहोंचेना. त्या वस्तींत टॉवरच्या तंत्रज्ञबाईंची थोरली बहीण, पाय प्लास्टरांत, घरीं एकटी. बाई चिखल तुडवीत टेकडी चढल्या. पिंजऱ्यापाशीं पहारेकरीमामा, निवृत्तीस दोन महिने उरलेले, किल्ली मुठींत.

"मामा, किल्ली द्या."

"ताई, फोनवर हुकूम आल्याशिवाय नाही देता येत."

"आणि फोन कशावर येतो?"

मामांनीं वर टॉवराकडे पाहिलें, मग हातांतल्या मुक्या फोनाकडे पाहिलें.

"मी जरा पाठ फिरवतो. वय झालं ताई, मुठीतून वस्तू पडतात हल्ली."

किल्ली पडली, कुलूप निघालें, तोटी फिरली आणि यंत्र जागें जाहलें, आणि मग तमाम वस्तीचे फोनांवर इशारा गेला, आणि शेजाऱ्यांनीं बहिणीस खुर्चीसकट उचलोन चढावर आणिलें. मागाहून पाणी आलें, त्यास रिकामीं घरें तेवढीं सांपडलीं. चढावरून बहिणीचा फोन आला: "केव्हाची लावतेय, होतीस कुठं गं?"

फत्ते जाहली. दफ्तरीं नोंद ऐसी कीं, खाशांचे दूरदृष्टीनें टॉवर लढला, सबब खाशांस मानचिन्ह. बाईंस आणि मामांस नोटीस: परवानगीवांचून कुलूप कां उघडिलें, तीन दिवसांत खुलासा करावा.

खुलासा होईल. त्याआधीं हुजुरांनीं एवढा जाब द्यावा कीं, टॉवर मुका असतां परवानगी कोणत्या फोनवर मागावी? मुदत तीच, तीन दिवस. उत्तर लेखी पाठवा. फोन करूं नका.