फक्त रविवारी वाहणारा झरा

पक्षी पाहायला नजर लागते, संयम लागतो आणि माणशी दोन लिटर पाणी लागतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मोजता येत नाहीत. म्हणून आमच्या पनवेल प्रभात पक्षिनिरीक्षण मंडळाने सगळं लक्ष तिसरीवर केंद्रित केलं, आणि ते योग्यच होतं असं माझं आजही मत आहे. (मी मंडळाचा कार्यवाह आणि पदसिद्ध जलनिरीक्षक. तेव्हा हे मत निःपक्षपाती समजावं.)

सुरुवात गेल्या वर्षीच्या एप्रिलात झाली. नेऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमचं ठरलेलं ठिकाण आहे. दर रविवारी सकाळी सहाला गाड्या भरून आम्ही तिथे जातो. त्या रविवारी अध्यक्ष अविनाश पोतनीस शिक्रा पाहता पाहता आडवे झाले. शिक्रा उडाला, अध्यक्ष राहिले. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी कमी पडलं. वास्तविक एक माणूस पाणी प्यायला नव्हता, तर त्या एका माणसाला पाणी प्यायला सांगून भागलं असतं. पण तो माणूस अध्यक्ष असल्यामुळे नियम सगळ्यांनाच लावणं भाग पडलं.

अशी आमची जलसेवन नियमावली जन्माला आली. कलमं सतरा. पक्ष्यांविषयी मंडळाचा एकच नियम आहे (मोठ्याने बोलू नये), हे पाहता पाण्याचा आम्ही किती खोल विचार केला ते कळेल. कलम दोनप्रमाणे प्रत्येकाने दोन लिटर पाणी घरून भरून आणायचं. कलम सहाप्रमाणे बाहेरचं पाणी प्यायचं नाही, कोणी आग्रहाने दिलं तरी. आणि कलम नऊ, जे माझं स्वतःचं आहे : परत निघताना प्रत्येकाने आपली बाटली जलनिरीक्षकासमोर उलटी धरावी. थेंब पडल्यास त्या सभासदाची त्या दिवशीची पक्ष्यांची यादी ग्राह्य धरली जाणार नाही.

नियमावली मंजूर होताना कुमुदताईंनी एक शंका काढली. दोन लिटर पाणी प्यायल्यावर बायकांनी जायचं कुठे? जवळचं स्वच्छतागृह पेट्रोल पंपावर, सात किलोमीटर, आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात. शंका रास्त असल्यामुळे ती आयत्या वेळच्या विषयांत घेण्यात आली. ती वेळ काही आली नाही. पुरुषांना झाडं मोकळी आहेत असं कोणाला वाटेल, पण आमच्यातले बहुतेक साठीपुढचे. एकदा पाणी पोटात गेलं की झाडाकडे जाणं संपत नाही आणि पक्षी पाहणं सुरू होत नाही.

तरीही पहिल्याच रविवारी चौतीसच्या चौतीस बाटल्या माझ्यासमोर उलट्या झाल्या आणि एक थेंब पडला नाही. पुढे वर्षभर हेच. वार्षिक अहवालात मी लिहिलं : सरासरी जलसेवन माणशी दोन लिटर, नियमपालन शंभर टक्के, लघुशंकेसाठी थांबण्याचं प्रमाण जवळजवळ शून्य. या शेवटच्या आकड्याचं श्रेय मी आपल्याकडच्या घामट हवेला दिलं होतं.

याच काळात लालबुड्या बुलबुलच्या नोंदी चौपट झाल्या. हा पक्षी पनवेलात विजेच्या तारेवर दिसतो, गच्चीवर दिसतो, नको म्हटलं तरी दिसतो. त्याच्यासाठी नेऱ्याला कोणी जात नाही. पण दर रविवारी साडेआठच्या सुमारास आमचा एकेक सभासद “बुलबुल वाटतं” असं पुटपुटत करवंदीच्या एका मोठ्या जाळीमागे जाई आणि दोन मिनिटांत हलका होऊन परत येई. (हलका म्हणजे पाठीवरच्या पिशवीच्या दृष्टीने.) मीही जाई. माझ्या नावावर एकूण एकावन्न बुलबुल आहेत.

त्या जाळीमागे कधीच न गेलेली सभासद एकच, रेबेका रोहेकर. टपाल नाक्याजवळ राहायच्या, जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. तहान लागली की पाणी प्यायच्या आणि वेळ आली की “मी जाऊन येते गं, इकडे कोणी बघू नका” असं खणखणीत सांगून झाडीत जायच्या. मंडळाच्या एकमेव पक्षिविषयक नियमाचा तो उघड भंग होता. मी दोनदा लेखी समज दिली.

रेबेकाबाईंना अकरा वर्षं एकच पक्षी पाहायचा होता, नवरंग. पावसाच्या तोंडावर तो आपल्याकडे येतो, झुडपाखालच्या पाचोळ्यात वावरतो, दोन सुरांची शीळ घालतो आणि दिसत नाही. अकरा उन्हाळे त्यांनी नुसती शीळ ऐकली होती. यंदाचा उन्हाळा शेवटचा. घर विकलं गेलं होतं, मुलगी शोशाना इस्रायलमधल्या अश्दोदहून रोज फोन करून सामानाची यादी विचारत होती, आणि जूनच्या पहिल्या बुधवारचं विमान ठरलं होतं.

“शोशाना म्हणते, आई, इथे पक्षी पुष्कळ आहेत,” बाई सांगायच्या. “असतील. नवरंग नाही.”

आता झऱ्याकडे येतो. यंदा एप्रिलच्या पहिल्या रविवारी करवंदीच्या जाळीमागे एक झरा असल्याचं उघडकीस आलं. शोध लावला इंद्रजीत कारखानीस यांनी. हे धरणांच्या कामावरून निवृत्त झालेले इंजिनियर. (स्वतःचं पाणी ते पहिल्यापासून दुसऱ्या झाडामागे ओतत असल्यामुळे त्यांच्या तटस्थपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही.) चिकणमातीच्या खळग्यात दोन पराती मावतील एवढं डबकं होतं आणि काठच्या चिखलात पाखरांची पावलं उमटली होती. नियमावलीच्या आधी आमची यादी एकेचाळीस जातींवर अडली होती. ती यंदा त्रेसष्टवर कशी गेली, ते तेव्हा कळलं.

कारखानीसांनी सात आठवडे अभ्यास करून अहवाल दिला. झरा दर रविवारी सकाळी साडेआठला उगम पावतो आणि बुधवारपर्यंत लुप्त होतो. एरवी तो साठेक लिटर वाहतो. मात्र लग्नाच्या मोठ्या तिथीला मंडळाचे अकराच सभासद आले असता तो अठरा लिटरवर आला. झरा मुहूर्त पाळतो, असा निष्कर्ष त्यांनी दबकत मांडला. एकदा पाण्याला वाळ्याचा वास आला आणि एकदा चव लिंबू-साखर-मिठाची लागली, त्या अर्थी जमिनीखाली खनिजांचे थर असावेत. हे वाचलं जात असताना कुमुदताई पंख्याकडे बघत होत्या.

त्या सभेला रेबेकाबाई सामान बांधण्यामुळे आल्या नव्हत्या. उरलेल्या तेहतीसही जणांना झऱ्याचा उगम ठाऊक होता. चर्चा दीड तास चालली. शेवटी एकमताने कलम अठरा मंजूर झालं : हा दुर्मीळ साप्ताहिक झरा जपण्यासाठी त्याभोवती दोरी बांधावी, फलक लावावा आणि त्याच्या पन्नास पावलांच्या आत कोणीही बाटली नेऊ नये.

ठराव अमलात आला त्याच रविवारी झरा आटला. सभासदांनी बाटल्या नियमाप्रमाणे लांब ठेवल्या आणि पुढे आपापल्या सोयीच्या झाडामागे मोकळ्या केल्या. कारखानीसांनी वहीत टिपलं की झरा संवर्धनाला संवेदनशील आहे.

त्या दिवशी गंगाबाई आली. ही जवळच्या वाडीतली. मे महिन्यात पळसाच्या पानात करवंदं घेऊन येते आणि दरवेळी आम्हाला तांब्यातलं पाणी पुढे करते. आम्ही दरवेळी कलम सहाप्रमाणे नको म्हणतो. तिने दोरी पाहिली, फलक पाहिला आणि रेबेकाबाईंना विचारलं, “बाई, हितं दोरी कशाला बांदलीय?”

“झरा आहे म्हणतात.”

“झरा?” गंगाबाईने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. “हितं कंदी झरा नवता नि नाय. तुमचीच मान्सं घरनं पानी आन्तात नि जालीमागं वततात. आमी दोन हंड्यांसाठी पाटं उटून खालच्या हिरीवर जातो. आमाला वाटलं, तुमच्यात काय नेम असंल.”

रेबेकाबाई हसल्या नाहीत. त्या काही बोलणार एवढ्यात गंगाबाई पुढे म्हणाली, “पन पाकरांची मजा झाली. येक तर नव्या रंगाचा येत व्हता. शेपूट आखूड, पोटाखाली लाल. सोमवारी नि मंगलवारी आंगोळ करून ग्येला. आता पानी नाय तर तो पन नाय.”

बाईंचा चेहरा मी पाहिला. शाळेतल्या पोरीला बक्षीस जाहीर होऊन परत काढून घ्यावं, तसा झाला होता. मंगळवारी त्या एकट्याच रिक्षा करून तिथे गेल्या, कोरड्या खळग्यासमोर दोन तास बसल्या आणि शीळ ऐकून परत आल्या.

मग जूनचा पहिला रविवार उजाडला. बुधवारी विमान. आभाळ कोरडंच, उकाडा असा की उभ्या उभ्या बनियन भिजावं. पाचोळ्यातून शीळ येत होती, अगदी जवळून. रेबेकाबाई आपली भरलेली स्टीलची बाटली घेऊन सरळ दोरी ओलांडून आत गेल्या. (कलम अठराचा भंग. मी वेळ टिपली, आठ बत्तीस.) त्यांनी सगळं पाणी खळग्यात ओतलं. आठवडाभर तापलेल्या मातीने ते चहा बशीत ओतून प्यावा तसं भुरकून टाकलं. ओला डाग तेवढा राहिला.

बाई आमच्याकडे वळल्या. तेहतीस माणसं, तेहतीस भरलेल्या बाटल्या.

“वर्षभर ओतत होतात, आज पण ओता,” त्या म्हणाल्या. “मी कोणाला काही सांगणार नाही. बुधवारी चाललेच आहे मी. तेवढा एकदा बघू दे.”

खरं सांगतो, माझा हात बाटलीकडे गेला होता. शेजारी कुमुदताईंचाही गेला असावा. पण अध्यक्ष पुढे झाले.

“रेबेकाताई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. आमचे सभासद पाणी पितात.”

आणि ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी बाटली तोंडाला लावली. अध्यक्ष पिताहेत म्हटल्यावर उपाध्यक्ष प्यायले. मग कारखानीस, मग कुमुदताई डोळे मिटून, मग मी. नेऱ्याच्या माळावर तेहतीस माणसं माना वर करून गटागटा पाणी पीत होती आणि मधोमध एक म्हातारी बाई रिकामी बाटली धरून उभी होती. मंडळाच्या इतिहासात माणशी दोन लिटरचं उद्दिष्ट खऱ्या अर्थाने त्या दिवशी पुरं झालं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि तरी मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

पुढची अकरा मिनिटं शांततेत गेली. बाराव्या मिनिटाला अध्यक्षांना घरचं काम आठवलं. विसाव्या मिनिटाला सगळ्या गाड्या पेट्रोल पंपाच्या दिशेने निघाल्या. तिथे बत्तीस माणसं आणि एक किल्ली असा प्रसंग घडणार होता, पण त्याला मी साक्षी नाही. मी गाडीपर्यंत पोचूच शकलो नाही. मी एका जांभळीच्या झाडामागे होतो.

तिथूनच मी पाहिलं. गंगाबाई डोक्यावर हंडा घेऊन खालच्या विहिरीवरून येत होती. दोरीपाशी बसलेल्या बाईंना पाहून थांबली.

“आता कशाला बसल्यात? तुमची मान्सं तर पलाली.”

“उगाच,” बाई म्हणाल्या. “बुधवारी मी चालले, कायमची. म्हणून.”

गंगाबाईने क्षणभर खळग्याकडे पाहिलं. मग हंडा उतरवला आणि उपडा केला.

“अहो गंगाबाई, तुमचं आजचं पाणी...”

“पानी काय, परत जाऊन आनीन. हिर काय बुदवारी जात नाय.”

दोघी जाळीला टेकून बसल्या. सात-आठ मिनिटांत शीळ थांबली आणि पाचोळा हलला. टुणटुण उड्या मारत तो आला. हिरवी पाठ, खांद्यावर निळा झळाळ, डोळ्यावरून काळी पट्टी, पोटाखाली लाल. पाण्यात शिरला, पंख फडफडवले, बाईंच्या चष्म्यावर शिंतोडे उडवले. बाईंनी दुर्बीण उचललीच नाही. गंगाबाईचा हात घट्ट धरून त्या नुसत्या बघत होत्या आणि गालावरून पाणी वाहत होतं. माझी दुर्बीण गळ्यातच होती, पण माझे दोन्ही हात कामात होते.

जाताना बाईंनी ती स्टीलची बाटली गंगाबाईला दिली. बुधवारी त्या गेल्या.

यंदाच्या वार्षिक अहवालात नवरंगाची नोंद निरंक आहे. नोंदीला दोन सभासद साक्षीदार लागतात. गंगाबाई सभासद नाही. दुसरा साक्षीदार होता, पण त्याला आपण कुठे उभे होतो आणि काय करत होतो हे रकाना चारमध्ये भरावं लागलं असतं. रेबेकाबाईंनी अश्दोदहून याबद्दल काही विचारलेलं नाही. झरा हंगामी असल्याचं मंडळाने मान्य केलं असून दोरी आणि फलक कायम आहेत.

आता तुम्ही. तुम्ही मनात म्हणत असाल की मी तिथे असतो तर बाटली ओतली असती, सगळ्यांदेखत, अध्यक्षांच्या तोंडावर. हो ना? उत्तम. आजवर हा मजकूर ज्यांना ज्यांना वाचून दाखवला, ते सगळे हेच म्हणाले. पदसिद्ध जलनिरीक्षक या नात्याने मी तुमची नोंद घेतली आहे. प्रमाण शंभर टक्के.