विडीची तब्येत

धर्मामामा विड्या पाळायचे. लोक कोंबड्या पाळतात, बकऱ्या पाळतात, हे विड्या.

बोईसरच्या आमच्या कर्करोग तपासणीच्या दवाखान्यात ते शिपाई. रोगी आला की त्याच्या कानामागची विडी काढायची, औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालायची, वर चिकटपट्टीवर नाव. "सोडू नको, माज्याकडं ठेव. तलफ आली का भेटाया ये तिला!" एडवणहूनसुद्धा माणसं विडीला भेटायला येत. मामा गंभीरपणे सांगत, "बरी हाय. काल जरा खोकत व्हती." मग मासळीचे भाव, जावयाचे प्रताप. तासाभरात तलफ विसरून माणूस घरी.

माझं डोकं फिरायचं. कर्करोगाच्या दवाखान्यात विड्यांचं वसतिगृह! मी तिथे सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं वाटत असे: 'विडी सोडा!' डॉक्टरही केसपेपरवर तेच दोन शब्द लिहीत आणि पुढचा नंबर पुकारत. कशी सोडायची, कुणाच्या आधारानं, ते कुणीच सांगत नसे. माझ्या पत्रकातही नव्हतं, पण तेव्हा ते मला दिसलं नाही. सरावलीचा एक कामगार केसपेपर वाचून रोज विडीवर सोडा पीत होता. "लिवलंय तसंच करतो, बाय. ढेकर झकास येते."

एका मंगळवारी मामा चहाला गेले, तशी मी सगळ्या विड्या गटारात ओतल्या. बरोब्बर तेव्हाच नवापूरचे पांडूकाका आले. गालात आतून पांढरा चट्टा. विडी सुटली नाही तर पुढे काय, ते डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. तीन आठवडे ते विडीला शिवले नव्हते.

"माजी कुटं हाय? आज लय तलफ आलीय. भेटली नाय तर सरळ टपरीवर जातो."

मामा चहाहून परतून दारातच उभे होते. त्यांनी रिकाम्या बाटल्या पाहिल्या, मला पाहिलं. पाठ फिरवून काहीतरी खुडबुड केली आणि बाटली पुढे धरली.

"ही काय!"

"बारीक झाली रं!"

"तुज्या आठवणीनं."

पांडूकाका खदाखदा हसले. बसले. तासभर जाळ्यांबद्दल बोलले आणि टपरीकडे न बघता नवापूरची वाट धरली.

"मामा, ती विडी आली कुठून?"

"माजी. खिशातली."

"तुम्ही ओढता?" पत्रकांचा गठ्ठा मी जवळजवळ त्यांच्या डोक्यावर आपटणार होते.

मामा खिडकीतल्या बाटल्या नीट लावत राहिले. "सगळी माज्याकडं ठेवतात, बाय. घरी कोण नाय. मी कुणाकडं ठेवू?"

पत्रकांचा गठ्ठा खाली ठेवून मी हात पुढे केला. "उरलेल्या द्या इकडे."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच मामा माझ्या टेबलापाशी उभे. टोपी हातात, नजर जमिनीवर.

"बरी हाय ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. "बसा. काल जरा खोकत होती."