दाढीवाल्याचे व्हिडिओ घ्यावे का?

मेश्राम काकाजी कुणाच्याही घरी आले की आधी स्वयंपाकघरात जातात आणि लाटणं मागतात. मागतात म्हणजे काय, ओट्यावर दिसलं तर उचलतातच. ते फरशीवर ठेवून हलक्या हातानं सोडतात, स्वतः गुडघ्यांवर ओणवे होतात, एक डोळा मिटतात आणि लाटणं लोळत लोळत फ्रिजखाली जाईपर्यंत श्वाससुद्धा घेत नाहीत. मग निकाल लागतो. "मॅडम, बेलणं वाकडं हाय तुमचं." माझ्या पोळ्या गोल का होत नाहीत ते मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी असं कळलं, आणि खरं सांगते, तेव्हापासून हा माणूस मला आवडतो.

माझ्या सासूबाईंना मात्र त्यांचा पहिला अनुभव फारसा गोड नव्हता. त्या ओसरीत काठी टेकत चालल्या होत्या. काकाजींनी ती काठी त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली, त्यांना भिंतीला धरून उभं केलं आणि काठी फरशीवर लोळवली. "आजी, काठी वाकडी हाय. म्हणून तुमी डाव्या अंगाले जाता." सासूबाई आधी चिडल्या, नंतर खूश झाल्या. आता कुठंही धडकल्या की त्या काठीवर ढकलून मोकळ्या होतात.

काकाजी भूमापक म्हणून निवृत्त झाले. महागावपासून मुकुटबनपर्यंत जिल्हाभरची शेतं त्यांनी मोजली आणि लोकांच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, भांडणं सोडवली. निवृत्तीनंतर बाभुळगावात आमच्या शेजारी घर बांधलं. काकू वारल्या, मुलगा पुण्याला असतो, रविवारी त्याचा फोन येतो. बाकी घरात ते आणि एक पंखा. नोकरी संपली, पण वाकडेपणा शोधणारा डोळा काही निवृत्त झाला नाही. "आधी मोजू, मंग बोलू," हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याची दोडकीसुद्धा त्यातून सुटत नाहीत.

हे लोळवण्याचं प्रकरण सुरू झालं ते यवतमाळला. काकाजी पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेले होते आणि बँकेची जेवणाची सुट्टी झाली होती. बाहेर ऊन असं की बोलायची सोय नाही. समोर वरच्या मजल्यावर एसी दिसला म्हणून ते चढले, तर तिथं पूल पार्लर. हिरव्या टेबलावर रंगीत चेंडू, आणि ते काठीनं ढकलून भोकात घालणारी कॉलेजची मुलं. काकाजींना चेंडूंमध्ये काडीचाही रस वाटला नाही. पण एका मुलानं भिंतीवरची काठी काढली, खेळायच्या आधी टेबलावर लोळवली, डोळा बारीक करून पाहिली, नाक मुरडलं आणि परत ठेवून दुसरी घेतली. काकाजी तिथंच फिदा झाले.

"मॅडम," ते मला त्या संध्याकाळी म्हणाले, "जिंदगीभर लोकायले सांगतलं का बाप्पा, आधी सरळ हाय का पाहा, मंग भांडा. कोनी आयकलं नाही. अन् हे लेकरं खेळाच्या आधी काठी पाहून राह्यले!" त्यांचा आवाज चक्क जड झाला होता.

त्या काठीला क्यू म्हणतात, हे त्यांना मोबाइलनं सांगितलं. मोबाइलनंच पुढं एक दाढीवाला अमेरिकन दाखवला. हा दाढीवाला क्यू बनवायला शिकवतो. त्याच्या व्हिडिओंचा मोठा संच विकत मिळतो आणि त्यातला एक छोटासा तुकडा नमुना म्हणून फुकट पाहता येतो. काकाजींनी तो तुकडा इतक्यांदा पाहिला की तो त्यांना पाठ झाला. आणि एक प्रश्न जन्माला आला: हे व्हिडिओ घ्यावे का नाही घ्यावे?

त्या दिवसापासून काकाजींचं सगळं वेळापत्रक या प्रश्नावर चालू लागलं. सकाळी चहाला ते पलीकडच्या राठोड सरांकडे. सर कॉलेजात व्यायाम शिकवतात आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मत देऊ शकतात. संध्याकाळी आमच्याकडे. मधल्या वेळात कटिंगचं दुकान, पोस्ट, पिठाची गिरणी. गिरणीवाल्यानं तर एकदा पट्टा थांबवून पूर्ण बाजू ऐकून घेतली.

काकाजींच्या शंका मोजणीवाल्याच्या होत्या. पहिली शंका, दाढीवाल्याच्या दुकानात भुसा दिसत नाही. "ज्याच्या दुकानात भुसा नाही, तो काम करते का नुसता झाडू मारते?" दुसरी शंका, तो लाकूड मेपलचं घ्या म्हणतो, आणि आपल्या जिल्ह्यात तर सागवान. मग त्याची विद्या इथं लागू पडेल का? पण सगळ्यात भारी शंका तिसरी. नमुन्यात दाढीवाला तयार क्यू टेबलावर लोळवतो. क्यू छान लोळत जाते आणि थांबायच्या आत चित्र बदलतं.

"ऐन वक्तावर फोटो काहून बदलला?" काकाजी आमच्या ह्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरून विचारायचे. "लपवून राह्यला का काही?"

आमचे हे कृषी केंद्र चालवतात. दिवसभर बियाण्याच्या पिशव्यांवर असेच प्रश्न झेलून ते घरी येत, आणि ताटावर बसले की दारात काकाजी. एकदा त्यांचा संयम सुटला.

"काकाजी, तुमी पूल खेळता?"

"नाही."

"पोरगा खेळते?"

"नाही."

"मंग ती काठी बनवून करता काय?"

काकाजी अजिबात रागावले नाहीत. "मी जिंदगीभर वावरं मोजले. माह्याजवळ वावर होतं का?"

हे म्हणाले, "घेऊन टाका नं बाप्पा एकडाव, अन् मोकळे व्हा!"

"घाई कायले करता?" काकाजी म्हणाले आणि पाणी मागितलं.

राठोड सरांचं म्हणणं होतं की सगळं नेटवर फुकट मिळतं, विकत घेणारा मूर्ख. काकाजींनी तेही नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फुकटवाला अर्धीच गोष्ट सांगते, सर. इकतवाला पुरी सांगते का, हेच तर पाहायचं हाय." दुसऱ्या दिवशी सर नवं मत घेऊन तयार राहिले.

असे महिने गेले. शेवटी आम्हीच ठरवलं की काकाजींची यातून सुटका करायची. बुद्धपौर्णिमेला काकाजी सगळ्या गल्लीला खीर खाऊ घालतात. पूर्वी काकू करायच्या, आता ते स्वतः करतात. तांदूळ, दूध, साखर सगळं मापानं, आणि सगळ्यांच्या वाट्या सारख्या भरल्या की नाहीत ते वाकून पाहतात. त्या संध्याकाळी खीर संपल्यावर राठोड सर उठून उभे राहिले. गल्लीनं वर्गणी काढली होती, सरांच्या पुतण्यानं दाढीवाल्याचा सगळा संच विकत घेऊन काकाजींच्या मोबाइलवर घालून दिला होता. आमच्या ह्यांनी छोटंसं भाषणही ठोकलं. "आज काकाजींचा प्रश्न सुटला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काकाजींनी मोबाइल दोन्ही हातांत धरला. "येवढं कायले केलं बाप्पा तुमी?" ते म्हणाले. आम्हाला वाटलं, भिडस्त आहेत.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही खूश होतो. व्हिडिओंमध्ये रंगले असतील, अभ्यास चालला असेल. हे निवांत जेवू लागले. पण आठवडाभरानं ह्यांनीच घास हातात धरून दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "काकाजी दिसले का तुला?" राठोड सरांना विचारलं, तर सरांकडेही गेले नव्हते. मी शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मी डब्यात मुगाचे वडे घेतले आणि शेजारी गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. काकाजी पंख्याखाली खुर्चीत बसले होते. समोर स्टुलावर मोबाइल, त्यात दाढीवाला मशीनपाशी हात वर करून थांबवून ठेवलेला. बिचारा किती वेळ तसा उभा होता कोण जाणे.

"कसे हायेत व्हिडिओ?" मी विचारलं.

"चांगले हायेत. तक्रार नाही." त्यांनी डबा घेतला आणि न उघडताच मांडीवर ठेवला. "काठी थांबेपर्यंत दाखवली त्यानं. सरळ हाय. लाकूड कोनतं चालते, तेही सांगतलं. सगळंच सांगून टाकलं, मॅडम. आता कोनाले इचारावं असं काही राह्यलंच नाही."

मी काहीतरी बोलणार होते, पण त्यांनीच पुढं बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता.

"मोजनीच्या दिवशी अख्खं गाव धुऱ्यावर येत होतं. साहेब, चहा घ्या. साहेब, सावलीत बसा. साहेब, काय निघालं? अन् एकडाव हद्दीची खुटी ठोकली का जो तो आपापल्या घरी. मी मोजनीची चेन गुंडाळून एकटाच एसटीची वाट पाहात राहो." ते थोडं हसले. "तवापासून मले खुटी ठोकाची घाई नाही वाटत."

आम्ही वर्गणी काढून, टाळ्या वाजवून या माणसाची खुंटी ठोकून आलो होतो. प्रश्न क्यूचा नव्हताच. त्या प्रश्नामुळं त्यांना रोज संध्याकाळी कुणाच्या तरी दारात उभं राहता येत होतं, आणि तेच आम्ही काढून घेतलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी मोबाइलकडे पाहू लागले.

"काकाजी," मी म्हटलं, "हा ज्या मशीनवर लाकूड फिरवते, ते खरादाचं मशीन तुमच्याजवळ कुठं हाय?"

"नाही."

"मंग घ्या लागन नं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करते आहे ते त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे मलाही कळलं. दोघांनीही ते दाखवलं नाही.

"महाग असन," ते सावकाश म्हणाले. "नवी घ्याव का जुनी, हेही पाहा लागन. अन् ठेवाची कुठं?"

"यायले इचारा. आज दुकानातून लवकर येनार हायेत."

काकाजींनी शर्ट बदलला, केस विंचरले. आम्ही आलो तेव्हा हे नुकतेच ताटावर बसले होते. काकाजी उंबरठ्यावरच थांबले, पहिल्यांदाच आल्यासारखे.

"खरादाची मशीन घ्याव म्हनतो," ते म्हणाले. "घ्याव का नाही?"

ह्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग काकाजींकडे, आणि मग ताट बाजूला सरकवून आपल्या शेजारी जागा केली.

"हे असं उभ्या उभ्या सांगता येत नाही, काकाजी," हे म्हणाले. "बसा. याले लय दिवस लागतीन."